एकादशीचा कॅमेरा

२०१० च्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कोलोन शहरात भरलेल्या 'फोटोकिना' प्रदर्शनात फुजीफिल्म या जपानी कंपनीने एक छोटा कॅमेरा मांडला. नाव 'एक्स १००'. माथा आणि तळ चांदीच्या रंगाचा, मधल्या अंगाला काळ्या चामड्यासारखे आवरण, वर फिरवायच्या दोन चकत्या, कोपऱ्यात डोळा लावायची काचेची खिडकी. लेन्स एकच आणि तीही कायमची बसवलेली. ती काढता येत नाही, तिला झूम नाही. लांबून पाहणाऱ्याला तो १९६० सालचा वाटावा. आत मात्र सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेलचा डिजिटल सेन्सर होता. त्याच वर्षी ३० डिसेंबरला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स नावाच्या गावातल्या एका लॅबने कोडाक्रोमची रिळे धुण्यासाठी घेणे थांबवले. कोडाक्रोम धुणारी ती जगातली शेवटची जागा. कारखान्यातून निघालेल्या शेवटच्या कोडाक्रोम रिळातले काही फोटो स्टीव्ह मॅकरी यांनी आपल्या मुंबईत आणि राजस्थानात काढले होते. एका गाजलेल्या फिल्मचे मरण आणि फिल्मच्या कॅमेऱ्याच्या रूपाचा पुनर्जन्म या दोन गोष्टी साडेतीन महिन्यांच्या आत घडल्या.

त्यानंतरच्या काळात या मालिकेचे सहा कॅमेरे आले. पाचवा २०२० मध्ये आणि सहावा २०२४ च्या फेब्रुवारीत. पाचव्याची कथा विलक्षण आहे. आल्यानंतर दोन वर्षे तो रीतसर विकला जात होता. मग टिकटॉकवर तरुण पोरापोरींनी त्याला डोक्यावर घेतले आणि तो बाजारातून नाहीसाच झाला. वापरलेला कॅमेरा कोऱ्यापेक्षा महाग विकला जाऊ लागला. आपल्याकडे टिकटॉकवर २०२० पासूनच बंदी आहे, तरी ही लाट इन्स्टाग्राम आणि यूट्यूबच्या वाटेने यायची ती आलीच. हे सगळे कोणत्या काळात घडले तेही पाहा. जपानच्या कॅमेरा उद्योगसंघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे पाठवले गेले. २०२३ साली तो आकडा ८० लाखांच्या आत आला. फोनने कॅमेऱ्याचा धंदा गिळला, आणि त्या ओसाडीत रांगा लागल्या त्या कमी करू शकणाऱ्या, महाग आणि जुनाट दिसणाऱ्या एका यंत्रासाठी. याचे कारण काय, आणि या यंत्राच्या गुणांचे व दोषांचे खरे माप काय, हा या लेखाचा विषय.

मी छायाचित्रकार नाही. गेली वीसेक वर्षे सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांच्या काही भागांतल्या वीरगळी, सतीशिळा आणि शिलालेख यांच्या नोंदी करतो. विद्यापीठाचा पाठिंबा नाही, अनुदान नाही. एसटी, मोटारसायकल आणि वही एवढ्यावर काम चालते. कॅमेरा हे माझ्या लेखी टेप आणि होकायंत्राच्या पंगतीतले हत्यार आहे. या मालिकेतला एक जुना, वापरलेला कॅमेरा माझ्याकडे काही वर्षे आहे. त्यामुळे पुढे जे लिहितो ते दुकानातल्या काचेबाहेरून पाहून लिहिलेले नाही.

सुरुवात इतिहासापासून करायला हवी, कारण या कॅमेऱ्यांच्या जाहिरातीत 'परंपरा' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. न बदलणारी लेन्स ही एके काळी परंपरा नव्हती, ती गरिबी होती. कोडॅकचा ब्राउनी १९०० साली एका डॉलरला विकला जाई तो एका साध्या भिंगावर. १९२५ मध्ये ऑस्कर बारनॅक यांच्या हातून घडलेला लायका लाइपझिगच्या जत्रेत आला तोही ५० मिलिमीटरच्या एकाच, कायम बसवलेल्या लेन्सचा. लेन्स बदलण्याची सोय १९३० मध्ये झाली. आज लायका म्हटले की लेन्सांचे कपाट डोळ्यांपुढे येते, पण तिचा जन्म एकभिंगी कॅमेरा म्हणूनच झाला. मग जपानचे कॅनोनेट, याशिका इलेक्ट्रो, ऑलिम्पस ट्रिप ३५. यातला ट्रिप मला फार आवडतो. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आला आणि १९८४ पर्यंत बनत राहिला. लेन्सभोवती सेलेनियमच्या पेशींचे कडे. त्यामुळे बॅटरी लागतच नसे. उजेड कमी असला की खिडकीत लाल पट्टी वर येई आणि बटण दाबले तरी फोटो निघत नसे. 'रीळ वाया घालवू नकोस' असे सांगणारा तो कॅमेरा होता.

आपल्याकडे या घराण्याचा प्रतिनिधी म्हणजे बडोद्यात बनणारा अ‍ॅग्फा क्लिक थ्री. माझ्या वयाच्या वाचकांपैकी पुष्कळांचे जावळ, मुंज आणि शाळेची सहल यांचे फोटो त्याच्यातूनच निघाले असतील. १२० च्या रिळावर १२ चौकोनी फोटो, आणि ऊन आहे की ढग एवढेच ठरवायचे. तो विकत घेणाऱ्या कारकुनाला किंवा मास्तरांना कोणी विचारले असते की 'लेन्स का बदलता येत नाही?', तर उत्तर पैशाचे आले असते. आज हाच प्रश्न दीड लाखाच्या पुढच्या एक्स १०० मालिकेच्या सहाव्या कॅमेऱ्याला किंवा सहा हजार डॉलरच्या घरात विकायला आलेल्या लायका क्यू ३ ला विचारला तर उत्तर तत्त्वज्ञानाचे येते: एकाग्रता, साधेपणा, शिस्त. उपाशी राहणे आणि उपास करणे यांतला हा फरक आहे. दोघांच्याही पोटात सकाळी काही नसते. पण एकाला ते ठरवता येते.

आता रूपाकडे. जुन्याची नक्कल म्हणून हे कॅमेरे एका दमात उडवून लावणारेही आहेत. ते मला पटत नाही. नक्कल दोन प्रकारची असते, आणि या एकाच यंत्रात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात.

शटरची चकती आणि लेन्सभोवतीचे अ‍ॅपर्चरचे कडे हा पहिला प्रकार. कॅमेरा बंद असतानाही त्यांच्यावरचे आकडे दिसतात. देवळाच्या अंधाऱ्या सभामंडपात शिरण्याआधीच मी कडे एफ/२ वर आणि चकती १/६० वर आणून ठेवतो. पडदा पेटवावा लागत नाही, यादी उघडावी लागत नाही, आणि गाभाऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या गुरवाच्या तोंडावर निळा उजेड पडत नाही. दोन्हींवर 'ए' अशी खूण आहे. ते काम यंत्रावर सोपवायचे असेल तर तिथे फिरवायचे. ही मांडणी जुनी आहे म्हणून चांगली नाही. ती चांगली होती म्हणून इतकी वर्षे टिकली होती. मधल्या काळात बटणे स्वस्त पडतात म्हणून ती गेली.

खिडकीचेही तसेच. एक्स १०० ची खरी करामत तिथे आहे. साध्या काचेतून बाहेरचे दृश्य जसेच्या तसे दिसते आणि आतल्या एका चिमुकल्या पडद्यावरची चौकट प्रिझमच्या मदतीने त्या दृश्यावर टाकली जाते. पुढची लहानशी खिटी दाबली की काच झाकली जाते आणि सेन्सरला दिसणारे चित्र समोर येते. काचेतून पाहताना चौकटीच्या बाहेरचेही दिसते. कोण आत येऊ पाहत आहे, कोण निघाले आहे, हे कळते. गावात वीरगळीभोवती पाच मिनिटांत पोरे जमतात. त्यांतले कोणते चौकटीत डोकावणार हे आधी समजणे ही माझ्या लेखी चैन नाही.

दुसऱ्या प्रकारची नक्कल मात्र निव्वळ वेष आहे. उत्तम उदाहरण आयएसओच्या चकतीचे. २०१७ च्या चौथ्या आवृत्तीपासून कंपनीने आयएसओचे आकडे शटरच्या चकतीतल्या एका बारीक खिडकीत बसवले. बाहेरचे कडे उचलायचे आणि फिरवायचे. दिसायला मोठे देखणे, जुन्या कॅमेऱ्यांवर हुबेहूब असेच असे. पण जुन्या कॅमेऱ्यात ते तसे का होते? कारण रीळ एकदा भरले की ३६ फोटो संपेपर्यंत त्याची संवेदनक्षमता बदलत नसे. दिवसातून एकदा लागणारी गोष्ट चुकून हलू नये म्हणून ती उचलून फिरवायच्या कड्यात लपवली होती. डिजिटलमध्ये आयएसओ दर फोटोला बदलता येतो, आणि तोच तर डिजिटलचा मोठा लाभ. तो लाभ देऊन त्याच्यावर रिळाच्या काळातले कुलूप घालायचे याला काय म्हणावे? पुढच्या आवृत्तीत उचललेले कडे उचललेलेच राहील अशी सुधारणा झाली, म्हणजे तक्रार पोचली असावी.

याहून मोठा दोष फोकसच्या कड्यात आहे, आणि त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. जुन्या लेन्सवर फूट आणि मीटर कोरलेले असत. त्यांच्या खाली प्रत्येक अ‍ॅपर्चरला कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल याच्या रेघा असत. माणूस आठ फुटांवर कडे ठेवी आणि कॅमेरा डोळ्याला न लावताही फोटो काढी. अल्पमोली ट्रिपवरसुद्धा एक डोके, दोन माणसे, तीन माणसे आणि डोंगर अशी चार चित्रे होती, निरक्षरालाही कळावे. एक्स १०० च्या कड्यावर काहीही कोरलेले नाही. ते कडे लेन्सला यंत्राने जोडलेले नाही, नुसता विजेचा इशारा पाठवते. पहिल्या आवृत्तीत तर जवळून लांब जायला ते फिरवून फिरवून मनगट दुखे. म्हणजे डोळ्यांना दिसणारे जुनेपण सांभाळले, बोटांना कळणारे टाकून दिले. उलट रिकोचा जीआर पाहा. काळाकुट्ट, चपटा, साबणाच्या वडीसारखा. रूपात जुने काहीच नाही, खिडकीसुद्धा नाही. पण त्यात आधीच ठरवलेल्या अंतरावर तत्क्षणी फोटो काढण्याची सोय आहे, म्हणजे जुन्या रस्त्यावरच्या छायाचित्रकाराची रीत जशीच्या तशी. तोक्योचे दाईदो मोरियामा वर्षानुवर्षे रिको वापरत आले ते उगीच नव्हे. लायका क्यूवर अंतरे कोरलेली आहेत, बोट अडकवायला खाचही आहे, पण तिची किंमत वर सांगितलीच.

वजनाचेही इथेच सांगून टाकतो. जीआर थ्री २५७ ग्रॅमचा, सदऱ्याच्या खिशात मावतो. एक्स १०० ची सहावी आवृत्ती ५२१ ग्रॅमची. तिला कॉम्पॅक्ट म्हणणे हा जाहिरातीचा शब्द झाला; ती गळ्यात राहते.

आता एकाच लेन्सबद्दल. या बाबतीत माझा अनुभव कॅमेऱ्यावर लिहिणाऱ्यांच्या रूढ वादांपेक्षा वेगळा आहे. एक्स १०० च्या लेन्सची फोकल लेंग्थ २३ मिलिमीटर, आणि सेन्सरची रुंदी साधारण साडेतेवीस मिलिमीटर. हे दोन आकडे जवळजवळ सारखे आहेत याचा अर्थ असा की, कॅमेरा आडवा धरला तर वस्तूपासून जितके दूर उभे राहाल तितक्याच रुंदीचे दृश्य चौकटीत येते. दोन मीटरवर उभे राहा, दोन मीटरची भिंत येईल. उभा धरला तर उंचीचे तेच. पाच फुटांची वीरगळ असेल तर मी सहा फुटांवर उभा राहतो. वरखाली थोडी मोकळी जागा राहते. आता हे पायांना पाठ झाले आहे. लाभ नुसता सोयीचा नाही. झूम लेन्सने केलेल्या शंभर नोंदींत प्रत्येक फोटोचा कोन वेगळा असतो, त्यामुळे दोन गावांतल्या दोन शिळा शेजारी ठेवल्या की कोणती मोठी, कोणत्या पट्ट्याची उंची किती, याचा डोळ्याने अंदाज येत नाही. एकाच कोनातून, ठरावीक अंतरावरून काढलेले फोटो आपोआप तौलनिक होतात. मोजपट्टी ठेवायची ती ठेवतोच, पण अडचणीच्या जागी पट्टी ठेवता आली नाही तरी अंतर वहीत असले की माप काढता येते. 'एकच लेन्स दृष्टीला शिस्त लावते' असे कलावंत म्हणतात त्याचा मला उमगलेला अर्थ एवढा साधा, गणिती आहे.

या कॅमेऱ्याचे शटर लेन्सच्या आत, पाकळ्यांचे असते. लेन्स कायमची बसवलेली असल्यामुळेच ते परवडते. त्याचा एक उपयोग शिलालेखाच्या अभ्यासकाला सांगण्यासारखा आहे. भर दुपारी उघड्यावरच्या झिजलेल्या लेखाची अक्षरे दिसत नाहीत. उजेड समोरून पडतो आणि सावली मरते. अक्षरे उठावी म्हणून फ्लॅश बाजूने, दगडाला घासून जाईल असा मारावा लागतो, आणि त्यासाठी सूर्याचा जोर कमी करावा लागतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात फ्लॅशबरोबर शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर नेता येत नाही, म्हणून अ‍ॅपर्चर एफ/१६ पर्यंत आवळावे लागते. पाकळ्यांच्या शटरला ही अट नाही. १/१००० ठेवा आणि एफ/८ ला काम करा. फ्लॅशला चौपट कमी ताकद पुरते. हातात मावणाऱ्या फ्लॅशने मला भर उन्हात ओळी वाचता आल्या आहेत. (अक्षरांत पीठ किंवा खडू भरून फोटो काढण्याची रीत अजून काही ठिकाणी चालू आहे. ती दगडाचे नुकसान करते, आणि भरणाऱ्याला जे वाचायचे आहे तेच अक्षर तयार होते.) त्याच पाकळ्यांची अडचणही आहे. लेन्स पूर्ण उघडी असेल तर त्यांना लांबचा पल्ला गाठावा लागतो, त्यामुळे पहिल्या आवृत्त्यांत एफ/२ ला १/१००० च्या पुढे जाता येत नसे. उन्हात उघड्या लेन्सने काम करता यावे म्हणून आत उजेड कमी करणारी एक काळी काच बसवून दिली आहे. दोष ओळखून केलेली ही तोड मला प्रामाणिक वाटते.

पण एकाच लेन्सच्या भक्तांचे एक वाक्य आहे, 'झूम पायांनी करा', त्याला माझा ठाम विरोध आहे. पाय चालले की फोटोतला आकारच तेवढा बदलत नाही, वस्तूंचे एकमेकांशी असलेले नातेही बदलते. पुढे गेले की जवळचे फुगते आणि मागचे आक्रसते. या लेन्सने कोणाचा नुसता चेहरा काढायचा तर दोन फुटांवर जावे लागते आणि नाक मोठे होते. ज्या म्हाताऱ्या पाटलांनी चहा पाजून शिळा दाखवली त्यांची अशी शोभा करणे बरे नव्हे. शिवाय पाय सगळीकडे पोचत नाहीत. शिखरावरची पट्टी तीस फुटांवर असते. बारवेच्या पलीकडच्या कोनाड्यातली मूर्ती आणि आपण यांच्यामध्ये पाणी असते. वीरगळीच्या तळच्या पट्ट्यात लढाई, मधे अप्सरा वीराला नेत आहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. ही शिळा जमिनीवर उभी असेल तोवर ठीक. पण जीर्णोद्धारात ती उचलून भिंतीत बारा फुटांवर चिणली की खालून काढलेल्या फोटोत चंद्रसूर्य लहान होतात आणि वीर ठेंगू. अशा वेळी लांब पल्ल्याची लेन्स नसेल तर नोंद अपुरी राहते आणि ती अपुरी आहे हे लिहून ठेवावे लागते. कंपनीने २८ आणि ५० मिलिमीटरच्या तोडीचे दृश्य देणारी जोडभिंगे काढली आहेत. पण एक लेन्स हाच ज्याचा धर्म, त्याच्या पिशवीत तीन भिंगे आली की उरले काय?

पावसाचेही सांगायला हवे. पाचव्या आवृत्तीपासून कॅमेरा पाण्याच्या शिंतोड्यांना दाद देत नाही, पण केव्हा? लेन्सच्या पुढे वेगळी घ्यावी लागणारी कडी आणि फिल्टर लावला तरच. आणि लेन्स निघत नसल्यामुळे आत शिरलेली धूळ घरी पुसता येत नाही. माझ्या कॅमेऱ्यात एकदा बारीक ठिपका आला. दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलेला खर्च ऐकून मी तो ठिपका तसाच राहू दिला आहे. आकाशाचे फोटो मी फारसे काढत नाही.

मराठीत एक म्हण आहे, 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. एक्स १०० ची सहावी आवृत्ती हातात धरली की ती हटकून आठवते. संयमाचा कॅमेरा म्हणून मिरवणाऱ्या यंत्रात ४ कोटी पिक्सेल आहेत, ६.२के व्हिडिओ आहे, चौकट कापून लांबची लेन्स असल्याचा भास देण्याची सोय आहे, आणि फिल्मच्या रंगांच्या २० नकला आहेत. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू आणि वर मसाला दूध. उपास मोडलेला नाही, हे खरेच.

या वीस रंगांचा प्रश्न मात्र मला थट्टेवारी नेता येत नाही. सगळ्या लेखातला माझा खरा आक्षेप तिथे आहे.

प्रोव्हिया, व्हेल्व्हिया, अ‍ॅस्टिया, अ‍ॅक्रॉस, रिआला ही एके काळी फुजीच्याच फिल्मची नावे. त्या फिल्म घडवताना जमलेले रंगांचे ज्ञान कंपनीने डिजिटल कॅमेऱ्यात उतरवले यात गैर काही नाही. उलट तो त्यांचा वारसा आहे. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा फुजी तगून होती, ती औषधे, सौंदर्यप्रसाधने आणि पडद्यांच्या रसायनांकडे वेळीच वळल्यामुळे. पण खऱ्या फिल्म एकेक करून बंद होत गेल्या. प्रो ४०० एच २०२१ मध्ये थांबली. मूळ अ‍ॅक्रॉस २०१८ मध्ये गेली, पुढच्या वर्षी दुसऱ्या रूपात परतली. वस्तू जाते आणि तिचा रंग यादीत राहतो. २०१४ मध्ये आलेल्या 'क्लासिक क्रोम'ला तर फुजीच्या घरात पूर्वजच नाही. ते दबलेले निळे आणि मातकट लाल पाहून जुन्या नियतकालिकांतल्या कोडाक्रोमची आठवण कोणालाही व्हावी. २०१९ च्या 'क्लासिक निगेटिव्ह'मध्ये ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या घरगुती अल्बमचा हिरवट-तांबूस रंग आहे.

आठवण कोणाची, हा प्रश्न इथे येतो. नॉस्टॅल्जियाला आपण 'स्मरणरंजन' हा सुंदर शब्द केला. या कॅमेऱ्यांमागे धावणारी बहुतेक मुले २००० च्या आसपास किंवा नंतर जन्मलेली आहेत. त्यांनी रीळ भरलेले नाही, स्टुडिओतून पाकीट येईपर्यंत आठ दिवस वाट पाहिलेली नाही. त्यांच्यापाशी स्मरण नाही, रंजन आहे. मी त्यांना हसत नाही. ज्याचे सगळे बालपण फोनच्या चकचकीत, प्रत्येक सावली उजळून काढणाऱ्या फोटोंत गेले, त्याला सावली काळी राहू देणारे चित्र हवेसे वाटणे समजण्यासारखे आहे. पण त्या चित्राचे पुढे काय होते ते मला भेडसावते.

जुना फोटो हाती आला की आम्ही त्याचा काळ कसा ठरवतो? मागचा स्टुडिओचा शिक्का, कागदाची जाडी, कडा नागमोडी की सरळ, चौकोनी की आयताकृती, आणि रंगीत असेल तर रंग कोणत्या बाजूला ढळला आहे. एका गावातली सतीशिळा आज शेंदूर आणि ऑइलपेंटने पार झाकली आहे. रंगवण्याआधीची तिची स्थिती मला कळली ती एका कुटुंबाच्या अल्बममधल्या लग्नाच्या फोटोवरून, आणि तो फोटो १९८० च्या दशकातला आहे हे कळले ते त्याच्या विटक्या रंगावरून. आता कल्पना करा की आज एखाद्या हौशी मुलाने त्याच पारावर क्लासिक निगेटिव्हमध्ये फोटो काढला. फोटोबरोबर तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे नाव हे सगळे फाइलमध्ये असते. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून एकदा गेला की ते गळून पडते. उरते ते नुसते चित्र, चाळीस वर्षांपूर्वीचा रंग ल्यालेले. पन्नास वर्षांनी तो कोणा अभ्यासकाच्या हाती पडला तर पार कधी बांधला, शिळा कधी रंगवली, याची त्याने लावलेली संगती चुकलीच म्हणून समजा. खोटा दस्तऐवज करण्याचा कोणाचाही हेतू नसताना खोटे दस्तऐवज हजारोंनी तयार होत आहेत.

यावर कोणी म्हणेल की कृष्णधवल फोटो आजही काढतातच, त्यानेही फसगत होऊ शकते. होऊ शकते, पण कृष्णधवल ही आता सगळ्यांना ठाऊक असलेली निवड झाली आहे, ते पाहून कोणी लगेच १९५० साल धरत नाही. विटक्या रंगाला अजून आपण पुरावा मानतो.

२०२५ च्या मे महिन्यात याच कंपनीने 'एक्स हाफ' जाहीर केला, आणि ही वाट कुठे जाते ते दिसले. हाही एका लेन्सचा, एक्स १०० पेक्षा लहान आणि स्वस्त. त्यात फिल्म पुढे सरकवायचा खटका आहे, पण सरकवायला फिल्म नाही. एक 'फिल्म कॅमेरा' अवस्था आहे: एकदा निवडली की ३६, ५४ किंवा ७२ फोटो होईपर्यंत मागच्या पडद्यावर काही दिसत नाही, खिडकीतूनच पाहायचे, रीळ 'संपले' की फोनवर ते 'धुऊन' मिळते. उजेड शिरून बिघडलेल्या आणि मुदत संपलेल्या रिळाचे परिणामही निवडता येतात. कोपऱ्यात नारिंगी तारीख छापता येते. यातली शेवटची सोय मला मनापासून आवडली. तारीख खरी लावली तर.

मात्र हा कॅमेरा फक्त जेपीईजी साठवतो, सेन्सरने पाहिलेले कच्चे चित्र ठेवतच नाही. म्हणजे रंग एकदा निवडला की मूळ कायमचे गेले. एक्स १०० त दोन्ही ठेवता येतात, आणि मी दोन्ही ठेवतो: कच्ची फाइल नोंदीसाठी, आणि प्रोव्हियाचा साधा रंग गावकऱ्यांना द्यायच्या प्रतीसाठी. शिळेजवळ राखाडी रंगाचा एक तुकडा ठेवून पहिला फोटो काढतो, म्हणजे बेसॉल्टचा रंग नंतर जुळवता येतो. गावात द्यायच्या प्रती तालुक्याच्या लॅबमधून कागदावर छापून घेतो आणि मागे बॉलपेनने गाव, शिळेची जागा आणि तारीख लिहितो. लॅबमधला मुलगा विचारतो, जुना इफेक्ट टाकून देऊ का. मी नको म्हणतो, तो टाकत नाही. शेजारच्या ताटातल्या लग्नाच्या प्रती मात्र सगळ्या तांबूस असतात.